फरक निघालाच पाहिजे

बिटकॉइनचा फुल नोड, म्हणजे त्याचे सगळे व्यवहार तपासणारा प्रोग्रॅम, चालवून एक रुपयाही मिळत नाही. हे वाक्य मी घरातल्या प्रत्येकाला ज्याला जसं कळेल तसं सांगून पाहिलं आहे. आई म्हणाली, "मग बंद कर." बायको म्हणाली, "मग वीज कोणाची जाते?" सासरे फोनवर थोडा वेळ गप्प राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आम्हाला सांगायला हरकत नाही हो. आम्ही कुठे बोलणार आहोत?"

जावई घरात नाणी काढतो, यावर त्यांचा पूर्ण विश्वास आहे. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर १ टक्का टीडीएस, ही २०२२ च्या अर्थसंकल्पातली बातमी मला आधी त्यांच्याकडूनच कळली होती. तेव्हापासून दर मार्चमध्ये त्यांचा न चुकता फोन येतो, "भरला ना?" शून्याचे ३० टक्के मी दरवर्षी वेळेवर भरतो.

नाणी मिळतात ती मायनिंगवाल्यांना, आणि त्यांच्याकडे गोदामंच्या गोदामं यंत्रं असतात. नोडचं काम निराळं. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा पहिला गठ्ठा, निघाला. तेव्हापासून सरासरी दहा मिनिटांना एक, या हिशेबाने आता नऊ लाखांच्या वर ब्लॉक झाले आहेत. फुल नोड ते सगळे पहिल्यापासून उतरवून घेतो आणि प्रत्येक व्यवहार तपासतो. नाणं खरोखर होतं का, आधीच खर्चून झालेलं नाही ना, ठरल्यापेक्षा जास्त नाणी कोणी हळूच काढली नाहीत ना. कोणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, एवढंच त्याचं काम. पगार नाही, पद नाही, दिवाळीला मिठाईचा पुडाही नाही.

शहाणी माणसं यासाठी छोटा कॉम्प्युटर आणि एक टीबीची एसएसडी विकत घेतात. माझ्याकडे ड्रॉवरमध्ये चार जीबी रॅमचा, ६४ जीबीचा, एका कोपऱ्यात काच तडकलेला जुना अँड्रॉइड फोन होता. तो बायकोचा, त्याआधी माझा, आणि मधल्या काळात आईचा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातांसाठीचा. त्यावर टर्मक्स नावाचं, आज्ञा टाइप करून प्रोग्रॅम चालवायचं अ‍ॅप टाकलं. टर्मक्स म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. ती पाहून आई घाबरली आणि शेजारच्या काकूंना 'आमच्या फोनला काहीतरी झालंय' असं सांगून आली.

आता सगळ्या ब्लॉकांचं ओझं ६०० जीबीच्या वर, आणि फोन ६४ चा. यावर तोड अशी की नोडला प्रून करायचं. तो सगळं उतरवतो, तपासतो, आणि जुनं पुसत पुढे जातो. ताजे पाचेकशे एमबी ब्लॉक ठेवले तरी भागतं. फक्त अजून न खर्चलेल्या नाण्यांची यादी कायम सांभाळावी लागते. तीच दहा जीबीच्या वर आहे.

"म्हणजे सहाशे जीबी आणायचे," बायको म्हणाली.

"हो."

"आणि टाकून द्यायचे."

"तपासून."

"भाजी तू कधी तपासून आणली आहेस?"

पहिला शत्रू निघाला तो फोनच. या फोनच्या कंपनीने (नाव घेत नाही) आत एक झाडूवाला बसवलेला आहे. कुठलंही अ‍ॅप जरा वेळ मन लावून काम करताना दिसलं, की तो त्याला ठार करतो आणि वर अभिमानाने कळवतो, 'तुमचा फोन स्वच्छ झाला!' रात्री नोड व्यवस्थित चाललेला पाहून झोपावं आणि सकाळी त्याच्या जागी स्वच्छता सापडावी. असा मेलेला नोड जागा होतो तेव्हा यादी शेवटची जिथे डिस्कवर लिहिली गेली होती, तिथून पुन्हा चालू लागतो. म्हणजे रात्रभराच्या कामातलं बरंचसं पाण्यात. फोनला झोपू न देणारा वेक-लॉक लावला, बॅटरी बचत बंद केली, सेटिंगांच्या तळाशी जाऊन टर्मक्सला अभय दिलं, तेव्हा कुठे झाडूवाला थंड झाला.

फोन मात्र थंड होईना. त्याला गार जागा हवी म्हणून स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर, माठाशेजारी ठेवला. "ओट्यावर बिटकॉइन नको," असा वटहुकूम निघाला. मग देवघराखालची फरशी. तिथे आईने दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, "हा रात्रभर कोणाशी बोलत असतो?" मी खरं ते सांगितलं, की तो एका वेळी दहा अनोळखी नोडांशी स्वतःहून जोडलेला असतो, त्यातले बरेचसे परदेशातले. तिने फोन देवासमोरून उचलून चपलांच्या कपाटावर नेऊन ठेवला.

ब्रॉडबँडवाल्या मुलाचाही फोन आला. "सर, तुमच्याकडे क्लासेस सुरू केलेत का?" मी नाही म्हटलं. "मग एवढं काय बघता?" या प्रश्नात त्याने जो सूर लावला होता, तो मला आजतागायत खटकतो.

सुरुवात झकास होते, हे कबूल करायला हवं. २००९ चे ब्लॉक जवळपास रिकामे. पडद्यावर तारखा धावत सुटतात. एक चहा होईपर्यंत २२ मे २०१० सुद्धा येऊन गेला. त्या दिवशी फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले होते. मी घरात हे मोठ्याने जाहीर केलं. "टॉपिंग काय होतं?" एवढाच प्रश्न आला.

पुढे वेग मंदावतो. व्यवहार वाढतात, ब्लॉक भरतात, वर्ष संपता संपत नाही. पण त्यात एक गंमत झाली. नोड कुठल्या तारखेला पोचला आहे याची घराला सवय लागली. जेवताना आई विचारायची, "आज कितवं साल?" मी २०१३ म्हटलं की ती त्या साली कोणाचं बारसं झालं ते सांगायची. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली तेव्हा तर सगळे कपाटाभोवती जमले. बाहेर पाचशे-हजारच्या नोटा बाद होत असताना इथे दहा-दहा मिनिटांनी नेहमीसारखा एकेक ब्लॉक निघत होता. ते पाहून कोणालाच फारसं काही वाटलं नाही. मात्र बँकेच्या रांगेत कोण कोणाच्या पुढे घुसलं होतं, यावर तासभर चर्चा झाली.

त्याआधी आमचं लग्न येऊन गेलं होतं. डिसेंबर २०१४. बायकोने स्वतःहून सांगून ठेवलं होतं, "आला की दाखव." आला. मी अभिमानाने बोट ठेवलं. ब्लॉकची ओळख म्हणून शून्यांनी सुरू होणारी अक्षर-आकड्यांची माळ आणि शेजारी वेळ, सहा वाजून एक्कावन्न मिनिटं.

"सहा एक्कावन्न? तेव्हा मी मेहंदी धूत होते. मुहूर्त बारा एकवीसचा होता."

"हा ग्रीनिचची वेळ लावतो. साडेपाच तास मिळव."

तिने मिळवले. बरोबर बारा एकवीस. "पण अक्षता पडल्या पाऊण वाजता," ती म्हणाली. "तुझी आत्या साडीवरून रुसून बसली होती. ते आहे का यात?"

ते त्यात नाही. खरं तर ब्लॉकवरची वेळही तंतोतंत असावी असा नियम नाही. ती दोन तासांपर्यंत पुढची असली तरी नोड चालवून घेतो. आत्याला तेवढं अंतर पुरलं असतं.

इथवर अप्पा गप्प होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, सहकारी बँकेतून निवृत्त. ते उशिरा कपाटाजवळ आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "म्हणजे रोजकीर्द पहिल्या पानापासून पडताळायची आणि खतावणीत शिल्लक काढायची. एवढंच ना?"

इतक्या महिन्यांत इतकं अचूक कोणी बोललं नव्हतं. मला भरून आलं. त्या भरात मी जरा जास्तच समजावून सांगितलं. म्हणालो, "आणि हे वेगाने होतं, कारण जुन्या ब्लॉकांमधल्या सह्या तो तपासत नाही. सॉफ्टवेअर तयार करताना त्यात एका ब्लॉकची ओळखीची अक्षर-आकड्यांची माळ लिहिलेली असते. तिथपर्यंत रक्कम, शिल्लक सगळं तपासतो, सह्या तेवढ्या ठीक असतील असं धरतो."

अप्पांचा चष्मा खाली आला.

"सह्या न बघता व्हाउचर पास?"

"अप्पा, ते जगभरच्या लोकांनी आधीच तपासलेले…"

"जगभरच्या लोकांनी आमच्या शाखेतही तपासलं होतं. कोणाच्या शब्दावर विसंबायचं नाही, असं तूच म्हणालास ना?"

म्हणालो होतो. शिवाय हा नियम बंद करण्याची सोय आहे हेही मला ठाऊक होतं, आणि अप्पांना खोटं सांगणं मला आयुष्यात जमलेलं नाही. सेटिंगच्या फाइलीत एक ओळ वाढवली की प्रत्येक सही तपासली जाते. मात्र जे ब्लॉक मागे पडले ते पडले. ते तपासायचे तर पुन्हा ३ जानेवारी २००९.

"मग घे," अप्पा म्हणाले आणि पंख्याखाली जाऊन बसले.

सह्यांसकटचा प्रवास कसा झाला ते विस्ताराने सांगत नाही, कारण मला तो आठवायचा नाही. २०१७ पर्यंत फोन गरम होता. २०२३ पासून लोकांनी ब्लॉकांमध्ये माकडांची चित्रं वगैरे कोंबायला सुरुवात केली, आणि त्या तमाम माकडांना तपासताना फोनची पाठ उचलली गेली. शब्दशः. बॅटरी फुगली होती. चोवीस तास चार्जरला लावलेल्या फोनचं तेच होतं. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ घेऊन गेलो. दुकानातल्या मुलाने फोन उलटसुलट केला, टर्मक्स पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अत्यंत मायेने म्हणाला, "काका, नवीन घ्या ना." बॅटरी बदलून मिळाली. 'काका' मात्र परत घेतला गेला नाही. आता चार्जर टायमरवर आहे, थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. लाइट गेली तर सोसायटीतलं सगळं बंद पडतं आणि आमचा नोड बॅटरीवर चालू राहतो. राउटर बंद असल्याने त्याला कोणी विचारत नाही, ते सोडा.

आणि एके दिवशी नोड आजच्या तारखेला पोचला. मी पेढे आणले. अप्पांनी पेढा हातात धरून विचारलं, "एकूण शिल्लक?"

त्याचीही आज्ञा आहे. ती दिली की नोड सगळी यादी चाळून बेरीज सांगतो. फोनवर ही बेरीज येईपर्यंत पेढे संपले. तोवर अप्पांनी कॅलेंडरच्या पाठीमागे स्वतःचा हिशेब मांडला होता. ब्लॉक काढणाऱ्या मायनरला मिळणारी नवी नाणी, पहिल्या २,१०,००० ब्लॉकांना प्रत्येकी ५० प्रमाणे १,०५,००,०००. पुढच्या तितक्याच ब्लॉकांना २५ प्रमाणे ५२,५०,०००. मग साडेबारा, मग सव्वासहा. एप्रिल २०२४ पर्यंत १,९६,८७,५००. त्यापुढच्या प्रत्येक ब्लॉकला ३.१२५. आकडा तयार होता. फोनचाही आला. दोन्ही शेजारी ठेवले.

"फरक आहे," अप्पा म्हणाले. निवृत्तीनंतर एवढ्या उत्साहात मी त्यांना पाहिलं नव्हतं.

फरक आहे हे खरंच होतं. फोनची रक्कम कमी भरत होती. मग आम्ही शोधायला बसलो. अगदी पहिल्या ब्लॉकची ५० नाणी नोडच्या यादीत चढतच नाहीत आणि ती खर्चताही येत नाहीत. अप्पांनी लिहून घेतलं, 'प्रारंभिक, ५०'. नोव्हेंबर २०१० मध्ये दोनदा असं झालं की नव्या ब्लॉकच्या बक्षिसाचा व्यवहार जुन्या एका ब्लॉकमधल्या व्यवहाराशी हुबेहूब जुळला आणि यादीत जुन्यावर नवा चढला. प्रत्येकी ५०, म्हणजे १०० गेली.

"शंभर खोडली गेली आणि कोणाला मेमो नाही?"

"तिथे मेमो द्यायला कोणी नसतं अप्पा."

मग ब्लॉक १,२४,७२४. मे २०११. त्यात एका मायनरने ५० च्या जागी मुद्दाम ४९.९९९९९९९९ घेतली. अप्पांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला. एक पैसा ठरवून कमी घेणारा माणूस त्यांना बँकेच्या उभ्या नोकरीत भेटला नव्हता. आणि ३० डिसेंबर २०१७ चा ब्लॉक ५,०१,७२६, ज्यात मायनरने साडेबाराच्या साडेबारा नाणी घेतलीच नाहीत. हे अप्पांना मनाला लागलं. "वर्षअखेर," ते म्हणाले. "वर्षअखेरीला हे होतं. तेव्हा ड्युटीवर कोण होतं?"

त्या रात्री आमच्याकडे साडेअकराला जेवणं झाली. तरीही थोडा फरक उरलाच. लोकांनी कधीच खर्चता येणार नाहीत अशा जागी टाकलेली सुटी नाणी, काही मायनरांनी कमी घेतलेली व्यवहारांची फी, असं किरकोळ. किरकोळ हा शब्द मी उच्चारायला नको होता.

"तेही निघायला पाहिजे. तो स्वतः सांगत नाही का?"

सांगतो. वेगळी एक सूची ठेवायला लावली तर कायमची अडकलेली रक्कमही नोड मोजून देतो. त्यालाही सेटिंगमध्ये एकच ओळ लागते. पण ती सूची बनवायला जुने ब्लॉक हवेत, आणि आमचा प्रून केलेला नोड ते तपासून टाकून बसलेला.

"म्हणजे पहिल्यापासून," अप्पा म्हणाले. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं आणि नवीन तारीख घातली.

मी बायकोकडे पाहिलं. वीज, राउटर, चपलांचं कपाट, कशावरून सुरुवात होते याची वाट पाहत उभा राहिलो. ती ताटं उचलत होती.

"म्हणजे आपलं लग्न परत येणार?" तिने विचारलं. "या वेळी तरी तुझ्या आत्याला कळवू नकोस."