लाल रंग म्हणजे लोह नव्हे
फड्या निवडुंगाच्या बोंडांच्या (फळांच्या) सरबतावरच्या लेखात बोंडांचा रंग ‘अँथोसायनिन’चा (कोकमातलं रंगद्रव्य) म्हटलाय, ते चूक. तो बीटालेन या वेगळ्या रंगद्रव्य-गटाचा: जांभळट लाल बीटानिन (बिटातलाच) आणि पिवळं इंडिकाझँथिन. खात्री हवी तर थोड्या रसात चुन्याची निवळी घाला. कोकमाचा रस निळसर-हिरवट होतो, हा पिवळा पडतो.

सरबताच्या कृतीत रस ‘अर्धा तास उकळा’ असं आहे. कृपा करून नको! बीटानिनला उष्णता सोसत नाही, रस विटकरी-तपकिरी होतो. साखरेचा पाक वेगळा करून पूर्ण गार करा, मग कच्चा गाळलेला रस मिसळा. लिटरभर रसाला दोन-तीन मोठे चमचे लिंबाचा रस पुरे. त्यातल्या क जीवनसत्त्वाने रंग टिकायला मदत होते. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, लोखंड-तांब्याने रंग लवकर उडतो. न उकळलेलं सरबत फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

कुसं काढायची पायरी लेखात नाहीच. बोंडं चिमट्यात धरून आचेवर फिरवा, मग वाहत्या पाण्यात घासा. रस जाड फडक्यातून दोनदा गाळा, एखादं कुस घशात रुतलं तर हाल होतात.

‘हिमोग्लोबिन वाढतं’ हा दावा (गुजरातेत फिंडल्याचं, म्हणजे याच बोंडांचं, सरबत याच नावावर खपतं) रंगावरून आलेला दिसतो. 100 ग्रॅम गरात लोह जेमतेम 0.3 मिलीग्रॅम. मॅग्नेशियम मात्र 85 मिलीग्रॅमच्या आसपास, त्याचं कौतुक कुणी करत नाही. पिऊन लघवी गुलाबी झाली तर घाबरू नका, बिटानेही होते.