2,000 कोटींच्या नियमाने स्टार्टअप मरत नाहीत

सध्या एक मजकूर खूप फिरतोय: ‘व्हॉट्सअ‍ॅप विकलं गेलं तेव्हा सगळं तपासूनच परवानगी दिली होती, मग आता तक्रार कसली? अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात मेटा (म्हणजे पूर्वीची फेसबुक कंपनी) जिंकलीच. आणि 2,000 कोटींच्या नव्या नियमाने आपले स्टार्टअप मरणार.’

‘सगळं तपासलं’ हे भारतापुरतं तरी साफ चूक आहे. 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅपसाठी 19 अब्ज डॉलर मोजले. वापरकर्ते तब्बल 45 कोटी, कमाई मात्र नगण्य. आपला कायदा तेव्हा मालमत्ता आणि उलाढालच बघायचा, म्हणून हा व्यवहार अशा सौद्यांवर नजर ठेवणाऱ्या आपल्या स्पर्धा आयोगापुढे आलाच नाही. युरोपीय आयोगाने तपासला, पण त्याला फेसबुकने सांगितलं की दोन्हीकडची खाती आपोआप जुळवणं भरवशाने जमणार नाही. 2016 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने तीच जुळवणी करण्याची शक्यता स्वतः जाहीर केली. दिशाभूल केल्याबद्दल 2017 मध्ये 11 कोटी युरो दंड झाला. मंजुरी मात्र तशीच राहिली. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपच्या 2021 च्या गोपनीयता धोरणावरून स्पर्धा आयोगाने 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटींचा दंड केला. तोवर सौदा होऊन दहा वर्षं उलटली होती.

आता नवा नियम. 10 सप्टेंबर 2024 पासून व्यवहार 2,000 कोटींच्या वर असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात भरीव व्यवसाय असेल, तरच या नियमाखाली आयोगाला आधी कळवावं लागतं. चार जणांनी भाड्याच्या खोलीत उभं केलेलं, त्याहून कमी किमतीला विकलं जाणारं अ‍ॅप यात येतच नाही. कळवणं म्हणजे नकारही नव्हे. उलट, निर्णयाची कमाल मुदत 210 दिवसांवरून 150 वर आली आहे.

आणि विक्री अडली म्हणजे कंपनी बुडते, हे कुणी ठरवलं? सॉफ्टवेअर कंपनी अडोबी 20 अब्ज डॉलरला फिग्मा ही डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी घेणार होती. युरोप आणि ब्रिटनच्या नियामकांच्या हरकतींनंतर डिसेंबर 2023 मध्ये तो बेत सोडावा लागला. फिग्माला करार मोडल्याबद्दल अडोबीकडून एक अब्ज डॉलर मिळाले आणि जुलै 2025 मध्ये ती स्वतः शेअर बाजारात उतरली.

राहिला अमेरिकेतला निकाल. नोव्हेंबर 2025 मध्ये मेटा जिंकली, हे खरंच आहे. पण न्यायालयापुढचा प्रश्न ‘आज मक्तेदारी आहे का’ हा होता. 2012 मध्ये अवघ्या 13 कर्मचाऱ्यांचं इन्स्टाग्राम फेसबुकला विकलं गेलं नसतं, तर आज ते फेसबुकपुढे कसं उभं असतं, हे आता कुठलंच न्यायालय तपासू शकत नाही. ते तपासायची वेळ सौद्याआधीचीच होती.