मच म्हणा, मेनी म्हणा, पण ठासून म्हणा

मच लावायचं की मेनी, यावर फार डोकं खपवू नका. मोठ्यानं बोलतो त्याचं इंग्रजी बरोबर, हे नागपुरात बर्डीवरच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा जिना चढायच्या आधीच कळतं. मोजता येतं त्याला मेनी, येत नाही त्याला मच, एवढं पुस्तकात आहे. पुढचं तुमच्या अकलेवर सोडा. नागपूर स्टेशनावर मामांच्या बॅगा तुम्हीच मोजून घेता ना? मग बिनधास्त ‘मेनी लगेजेस’ म्हणा. फर्निचर, इन्फर्मेशन, अॅडव्हाइस यांनाही शेवटी एकेक स चिकटवा. इंग्रजांनी हे शब्द न मोजायचे ठरवलेत, तर ठरवोत बापडे. पैसा इतवारीची अख्खी बाजारपेठ दिवसभर मोजत असते, तरी मनीला मचच लागतं. यांच्या हिशेबावर किती भरवसा ठेवायचा?

खरी मजा ‘अ’मध्ये आहे. ‘अ फ्यू’ म्हणजे थोडे आहेत, भागेल. नुसतं ‘फ्यू’ म्हणजे जवळजवळ नाहीतच. ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’चं तेच. तुम्ही हा ‘अ’ खुशाल गाळा. एवढ्याशा अक्षरानं काय होते? मिहानमधल्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला गेलात की छाती फुगवून सांगा, ‘आय हॅव लिटल एक्स्पीरियन्स.’ म्हणजे अनुभवाच्या नावानं ठणठणाट. साहेब मान डोलावतील, कागदावर काहीतरी खरडतील, ‘कळवतो’ म्हणतील. बाहेर येऊन मित्राला सांगा, ‘झालं बे काम! साहेब लिहून घेऊन राहिले होते.’ नोकरी दुसरीकडे लागलीच, तर तिथल्या साहेबांच्या निरोप समारंभात उभे राहा आणि गहिवरून म्हणा, ‘फ्यू पीपल इन दिस ऑफिस लव्ह यू, सर.’ व्याकरण निर्दोष. बहुतेक वेळा माहितीही.

पंडित म्हणून मिरवायचं असेल, तर लेस आणि फ्यूअरचा वाद उकरा. दोन्हींचा अर्थ ‘कमी’च. मोजता येणाऱ्या वस्तूंना फ्यूअर, असं दरडावून सांगा. रॉबर्ट बेकर नावाच्या इंग्रजानं 1770 मध्ये ‘इथे फ्यूअर बरं वाटेल’ असं आपलं मत लिहिलं आणि पुढच्या मास्तरांनी त्याचा कायदा केला, हे मात्र कोणाला कळू देऊ नका. त्याच्याआधी शेकडो वर्षं इंग्रज लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही लेस लावत होते. ब्रिटनच्या टेस्को दुकानांत ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असायची. व्याकरणवाले पिच्छा सोडेनात, तेव्हा 2008 मध्ये दुकानानं ‘अप टू टेन आयटम्स’ लिहायचं ठरवलं. लेसही नको, फ्यूअरही नको. याला म्हणतात धंदा!

तर्री पोह्याच्या गाडीवर एखादा पोरगा ‘लेस दॅन फिफ्टी रुपीज’ म्हणाला, तर त्याला चारचौघांत टोका. तो बरोबर असतो. नोटा मोजल्या तरी इंग्रजीत पन्नास रुपये ही एकच रक्कम, तसंच अंतराचं आणि वेळेचं. पण तर्री सांडेपर्यंत टोकल्याशिवाय तुम्हाला इंग्रजी येतं हे गाडीवाल्याला कळणार कसं?

एवढं करूनही जीभ अडलीच, तर ‘अ लॉट ऑफ’ आहे. ऊन, पाणी, पाहुणे, संत्री, बोलताना सगळ्यांना चालतं. क्लासवाले ते पहिल्या दिवशी का सांगत नाहीत, असं विचारू नका. दुसऱ्या दिवशीची फी कोण भरणार, भाऊ?