पट्टा हातात आला, मग जमीन का गेली?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बोलिव्हियाच्या १८७४ च्या कायद्याने आयमारा-केचुआ या मूळनिवासी शेतकऱ्याला स्वतःच्या नावाचा पट्टा दिला, विरोध करणारे ‘आयल्यू’, म्हणजे सामाईक जमिनीची गावं, मागासपणाला चिकटून बसली होती आणि लेखात मी त्यांचं उदात्तीकरण केलं. मला हे पटत नाही.

आधी शेती बघा. बोलिव्हियातल्या सुमारे ३,८०० मीटर उंचीवरच्या पठारावर घराजवळचा तुकडा, ‘सायान्या’, एकेका कुटुंबाकडे असे. पोट मात्र चालायचं ‘आयनुका’वर. हे गावाचं मोठं सामाईक रान, त्यात प्रत्येक घराची पट्टी. पहिल्या वर्षी सगळ्यांचा बटाटा, पुढे किन्वा, सातू, आणि मग कित्येक वर्षं पड. पडीवर सगळ्यांची मेंढरं नि लामा चरायचे, त्यांच्या लेंड्यांवर जमीन पुन्हा सावरायची. अशी रानं वेगवेगळ्या उतारांवर असत, म्हणून एकीकडचं पीक थंडीने जळालं तरी दुसरीकडचं हाती लागे. मधली एक पट्टी कुंपण घालून वेगळी काढा, की पडीचा क्रम मोडला आणि चराईही अडली.

आता कायदा. त्याआधी १८६६ मध्ये तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष मेल्गारेहो याने फर्मान काढलं होतं: ६० दिवसांत २५ ते १०० पेसो भरा, नाहीतर जमीन लिलावात. (त्याची सत्ता १८७१ मध्ये उलथली, त्यात आयमारांच्या उठावांचा मोठा वाटा होता.) १८७४ च्या कायद्यातलं सातवं कलम जास्त घातक होतं. पट्टे दिल्यावर सरकार आयल्यू मानणार नाही आणि त्याच्या नावाने कोणी कुठल्याही अधिकाऱ्यापुढे उभं राहू शकणार नाही! म्हणजे खरेदीदाराने एकेका घराला गाठायचं, कर्जात अडकवायचं, दोन-चार पट्ट्या लिहून घ्यायच्या आणि उरलेल्या सामाईक रानावरही हक्क सांगायचा. गावाच्या वतीने दाद मागणारं कायद्यात कोणी उरलंच नव्हतं. काल जमीन कसणारा आज त्याच जमिनीवर वेठीचा कूळ झाला. पुढे राष्ट्राध्यक्ष इस्माएल मोन्तेस यांनीही तितिकाका काठी ताराकोत अशा जमिनी घेतल्या.

गावांनी यावर काढलेला मार्ग कायद्यातलाच होता. नोव्हेंबर १८८३ च्या कायद्याने वसाहतकाळात स्पेनच्या राजाला पैसे भरून कायम केलेल्या जमिनी नव्या मोजणीतून वगळल्या. मग गावं वर्गणी काढत, नोटरीकडे मुखत्यारपत्र करून माणूस नेमत, जुनी सनद शोधत, तिची साक्षांकित नक्कल नोंदवत आणि खुणेचे दगड पुन्हा तपासून घ्यायचा अर्ज करत. जमीनकराच्या पावत्याही जपून ठेवत, कारण वहिवाटीचा तोच पुरावा. सांतोस मार्का तुला यांच्यासारख्या मुखत्यारांनी या सनदांसाठी दफ्तरं पालथी घातली, तुरुंगही भोगला.

आयल्यूत जुने मूळ हक्कदार आणि मागून आलेले यांच्यात विषमता होती, हा तुमचा मुद्दा खरा आहे. पण १८७४ चा कायदा ती मिटवायला नव्हता. ज्याच्या ताब्यात जेवढं, तेवढंच त्याच्या नावे झालं. ज्याच्याकडे अर्धी पट्टी होती त्याला अर्ध्या पट्टीचाच पट्टा मिळाला, आणि चराई मात्र गेली.