‘कार्ड असून पैसे उकळले’ या तक्रारीवर लॅबचं उत्तर

नमस्कार दादा. तुमच्या बाबांना आमच्या लॅबमध्ये त्रास झाला, त्याबद्दल क्षमस्व. दोन तास ताटकळत ठेवलं म्हणता, तर जेवणानंतरची शुगर खाल्ल्यावर दोन तासांनीच घेतात. बाबा स्टँडवर तर्री-पोहे खाऊन अर्ध्या तासात हजर झाले होते. ते जाऊ द्या.

पण ‘आयुष्मान कार्ड असून पैसे उकळले’ हे लिहिलं ते फार लागलं. आयुष्मान असो की महात्मा फुले योजना, वर्षाचे 5 लाख आहेत ते योजनेतल्या दवाखान्यात भरती होणाऱ्या पेशंटसाठी. आयुष्मानमध्ये भरतीआधीचे 3 दिवस अन् दवाखान्यातून सुटी झाल्यानंतरचे 15 दिवस यांतल्या तपासण्या धरतात, त्याही त्या उपचाराच्याच. दर महिन्याला चालत येऊन केलेली शुगर त्यात कुठंच बसत नाही. हा नियम दारव्ह्यात बसून मी केलेला नाही.

राहिली तुमच्या पुण्याच्या कंपनीची विमा पॉलिसी. त्यात ओपीडीचं, म्हणजे भरती न होता केलेल्या तपासणीचं, कव्हर असेल तर पक्कं बिल घ्या, आम्ही देतोच. तुम्ही मात्र फोनवर म्हणालात, ‘बिलावर ॲडमिट दाखवा, क्लेम पास होते.’ दादा, आमच्याकडे दोन खुर्च्या, एक फ्रिज अन् एक मशीन. पेशंट ॲडमिट कुठं दाखवू, फ्रिजवर? खाली सही माझी असते. नाही म्हटलं तर रात्री एक स्टार आला.

आणि उकळले किती? उपाशीपोटीची अन् जेवणानंतरची मिळून शंभर रुपये. एचबीएवनसीचे, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीचे, जास्त, कारण ते सॅम्पल यवतमाळला पाठवावं लागतं. ‘कापूस विकला की देतो’ म्हणणाऱ्यांची एक वही आहे माझ्याकडे. त्यात कोणाकोणाची नावं आहेत ते इथं लिहीत नाही. पैशाची अडचण असेल त्याला प्राथमिक आरोग्य केंद्राचा रस्ता मीच दाखवतो, तिथं तिशीच्या पुढच्यांची शुगर फुकट तपासतात. आपलंच गिऱ्हाईक आपण दुसरीकडे पाठवतो, त्याला लूट म्हणत असाल तर म्हणा बापा.

कार्ड कुठं चालते याचा बोर्ड लवकर लावू. पंख्याची तक्रार केलीत, तेही पाहतो.

बाबांचा एचबीएवनसीचा रिपोर्ट आला आहे. व्हॉट्सॲपवर टाकला असता, पण तुम्ही नंबर ब्लॉक केलेला दिसतो. कोणाला तरी पाठवून घेऊन जा अन् डॉक्टरांना दाखवा, उशीर करू नका.