सह्याद्रीवर हिमनदी कधी वाहिली नाही

पावसाळा उघडला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गिर्यारोहकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक लांबलचक संदेश दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्यातला दावा थोडक्यात असा: वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात सह्याद्री बर्फाखाली होता, माळशेजची दरी हिमनदीने कोरली, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हे हिमगव्हर, म्हणजे हिमनदीने कोरलेली वाटी, आहे, खारघरच्या पांडवकड्यावरची दरी ‘लोंबती’ आहे, सांधण दरी बर्फाने चिरली, येऊरचे गोल धोंडे बर्फाने वाहून आणले, पारसिकच्या खडकांवर हिमनदीचे ओरखडे आहेत, ठाण्याची खाडी हा फियोर्ड आहे आणि आपल्या डोंगरांतली माती व झरे ही त्याच बर्फाची देणगी आहे. संदेश लिहिणाऱ्याने भूरूपांची नावे पाठ्यपुस्तकातली आणि अचूक वापरली आहेत, त्यामुळे वाचणाऱ्याला तो खरा वाटतो. नावे बरोबर आहेत, पत्ता मात्र चुकला आहे.

सर्वांत आधी उंचीचा हिशेब करायला हवा, कारण तो एकदा केला की बाकीचे बरेचसे मुद्दे आपोआप गळून पडतात. हिमनदी होण्यासाठी नुसती थंडी पुरत नाही. हिवाळ्यात पडलेले हिम उन्हाळ्यात पूर्ण वितळता कामा नये आणि असे थर वर्षानुवर्षे साचून, दबून, त्यांचा बर्फ होऊन तो स्वतःच्या वजनाने उताराकडे सरकू लागला पाहिजे. हवाई बेटावरचा माउना केआ हा ४२०७ मीटर उंचीचा ज्वालामुखी जवळपास ठाण्याच्याच अक्षांशावर आहे आणि त्याचा खडकही आपल्यासारखाच बेसाल्ट आहे. गेल्या हिमयुगात त्याच्या माथ्यावर खरोखर बर्फाची टोपी होती आणि तिने सोडलेले हिमोढ, म्हणजे बर्फाने वाहून आणलेल्या दगडमातीचे ढीग, आजही तिथे दिसतात. पण ती टोपी साधारण ३००० मीटरच्या वरच राहिली. आपले कळसूबाई १६४६ मीटर. तापमान आजच्यापेक्षा काही अंशांनी उतरले होते हे मान्य केले, तरी महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर त्या रेषेच्या निम्म्यापाशीच थांबते. दक्षिणेतली २६९५ मीटर उंचीची अनाईमुडीसुद्धा तिथवर पोहोचत नाही.

आता माळशेजच्या दरीबद्दल. हिमनदीने घडवलेली दरी यू अक्षरासारखी असते हे खरे, पण रुंद तळ आणि उभ्या भिंती दिसल्या की ती हिमनदीचीच असे म्हणता येत नाही. नदी डोंगराच्या सोंडांना वळसे घालत जाते आणि त्या सोंडा दोन्ही बाजूंनी एकमेकींत गुंतलेल्या राहतात. शेकडो मीटर जाडीचा बर्फ मात्र वळत नाही, तो त्या सोंडांची टोके तासून दरी सरळ करतो, तळ कुठे खोल तर कुठे उथळ खरवडतो आणि त्या खळग्यांत पुढे तळी साठतात. माळशेजला यातले काहीच नाही. तिथल्या भिंती उभ्या आहेत, कारण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांपैकी कठीण थर उभ्या सांध्यांवर, म्हणजे खडकातल्या नैसर्गिक भेगांवर, फुटून सुटतात आणि मधले मऊ थर झिजून पायऱ्या उरतात. खारघरच्या पांडवकड्याचे उत्तरही हेच आहे. धबधबा उंचावरून पडतो म्हणून वरची दरी ‘लोंबती’, म्हणजे मुख्य दरीच्या भिंतीत उंचावर उघडणारी, ठरत नाही. त्यासाठी खालची मुख्य दरी बर्फाने खोल कापलेली असावी लागते.

कोकणकड्याचा मुद्दा मला अधिक समजून घेण्यासारखा वाटतो, कारण त्याची अंतर्वक्र वाटी पाहून कोणालाही हिमगव्हर आठवेल. फरक वाटीच्या बुडाशी आहे. हिमगव्हरात बर्फ गोल फिरल्यासारखा सरकतो, तळ खरवडतो आणि बाहेर पडण्याच्या जागी खडकाचा उंबरठा सोडतो. बर्फ गेल्यावर त्या उंबरठ्याच्या आत पाणी साठते. मनालीहून सोलंगच्या वाटेने वर जाणाऱ्यांनी पाहिलेले बियास कुंड अशाच जागी आहे. कोकणकड्याखाली ना उंबरठा आहे, ना तळे. तिथे कोसळलेल्या दगडांचा उतार थेट कोकणात जातो. कडा वरून सुटत सुटत मागे हटतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. सांधणबद्दल एक वाक्य पुरे: काही ठिकाणी दोन्ही हात लांब केले की दोन्ही भिंतींना लागतात इतकी अरुंद घळ हिमनदी कोरूच शकत नाही, ते खडकातल्या भेगेवर काम करणाऱ्या पाण्याचे लक्षण आहे.

येऊरच्या धोंड्यांची परीक्षा कोणालाही करता येते. पाटोणपाड्याच्या बाजूला रस्त्यासाठी जिथे डोंगर कापला आहे, तिथे दरडीत अडकलेला एखादा गोल धोंडा निवडावा आणि त्याच्या कडेला नख घालावे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक पिवळट-तपकिरी साल सहज सुटते, तिच्याखाली दुसरी, मग तिसरी, आणि मध्ये काळा, टणक गाभा राहतो. हा धोंडा कुठून आलेला नाही. सांध्यांतून शिरलेल्या पाण्याने चौकोनी ठोकळ्याचे कोपरे आधी कुजवले आणि तो जागच्या जागी गोल झाला. हिमनदीने आणलेला धोंडा सहसा परका असतो, म्हणजे ज्या खडकावर तो बसला आहे त्याच्यापेक्षा वेगळ्या जातीचा. येऊरला खाली बेसाल्ट आणि वरही बेसाल्टच.

पारसिकच्या ‘ओरखड्यांचे’ छायाचित्र मोठे करून पाहिले तर त्या समान अंतरावरच्या, उभ्या, अर्ध्या नळीसारख्या खाचा आहेत. ती दगडखाणीतल्या सुरुंगांसाठी पाडलेली भोके आहेत. नवी मुंबईत इतकी वर्षे राहून खाणीची भिंत ओळखू येऊ नये, याचे मला थोडे नवल वाटले.

फियोर्ड म्हणजे हिमनदीने समुद्रपातळीच्याही खूप खाली कोरलेली आणि नंतर समुद्राने भरलेली दरी; नॉर्वेतला सोग्नेफियोर्ड सुमारे १३०० मीटर खोल आहे. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी खाली पाहिले तर चिखलाचे पट्टे उघडे पडलेले असतात आणि फ्लेमिंगो त्यात पाय रोवून चरत असतात. जिथे पक्षी उभा राहून जेवतो, त्या पाण्याला फियोर्ड म्हणणे धाडसाचे आहे. तरीही संदेशातला हा एकच मुद्दा असा आहे, ज्याच्या आसपास काही सत्य सापडते. हिमयुगात जगाचे इतके पाणी ध्रुवांकडच्या हिमस्तरांत अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. आज मुंबई हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, साधारण ७५ मीटर खोल पाण्यात आहेत. तेव्हा तिथे कोरडी जमीन असणार आणि ठाण्याची खाडी ही नदीची दरी असणार. बर्फ वितळला, समुद्र परत चढला, दरीत शिरला आणि पुढे भरती-ओहोटीने तीत गाळ भरत गेला, ज्यावर आजची खारफुटी उभी आहे. बर्फाने ठाण्याला असे दुरून घडवले. तो स्वतः इथे आला नाही.

शेवटचा दावा माती आणि पाण्याचा आहे, आणि तो माणसांच्या जगण्याशी जोडलेला असल्याने सर्वांत दिशाभूल करणारा आहे. हिमाचलमधली हंप्ता खिंड ओलांडून लाहौलमधल्या छत्रूला उतरलो तेव्हा चंद्रा नदीचे पाणी बाटलीत भरून रात्रभर तंबूत ठेवले होते. सकाळी बाटलीच्या तळाशी राखाडी पिठाचा, बोटभरही नसलेला पण अगदी सलग थर बसला होता. बर्फाने खडकावर खडक घासून केलेले ते पीठ. येऊरच्या ओढ्याचे जुलैतले पाणी असेच ठेवले तर खाली लालसर माती बसते, कारण ती उष्णतेने आणि पावसाने कुजलेल्या बेसाल्टची असते. लाहौलमधली शेती बर्फाच्या पाण्यावर चालते: वितळपाणी कूल नावाच्या पाटांनी उतारावरून गावापर्यंत आणतात आणि त्यावर जव, वाटाणा, बटाटा घेतात, गद्दी मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन बर्फाने मोकळ्या केलेल्या उंच कुरणांवर जातात. लडाखमध्ये पेरणीच्या वेळी वितळपाणी पोहोचत नाही, म्हणून चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी गावाजवळच अडवून गोठवण्याची, म्हणजे कृत्रिम हिमनदीची, पद्धत उभी केली. आपल्याकडे वारली आणि ठाकर शेतकरी राब भाजतो, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन तयार करतो, आणि पहिल्या पावसाची वाट पाहतो. हिमनदीवरच्या नद्या ऐन उन्हाळ्यात फुगतात; मोरबे, भातसा आणि बारवी ही धरणे मात्र उन्हाळ्याच्या अखेरीस तळ गाठतात आणि आपल्या सोसायटीत पाणीकपातीची सूचना लागते. डोंगरात बर्फाचा साठा असता, तर ती सूचना मे महिन्यात लागली नसती.

महाराष्ट्रात हिमनदीचे खरे ओरखडे पाहायचे असतील, तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईला जावे लागते. तिथे चुनखडकाच्या घासून गुळगुळीत झालेल्या पृष्ठावर समांतर रेघा आहेत आणि जवळच तालचेर नावाच्या जुन्या गाळाच्या थरांतले निरनिराळ्या जातींचे, परके धोंडे आहेत. ते बर्फाचेच काम आहे, पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग असतानाचे. ज्या लाव्हातून माळशेज, कोकणकडा आणि येऊर घडले, तो त्यानंतर आणखी २३ कोटी वर्षांहून अधिक काळ गेल्यावर बाहेर पडला.