फक्त ४३ हजार पळालेली

जुनी गाडी विकणाऱ्याची तीन वाक्यं पाठ असतात. गाडी एकाच हातची आहे, डॉक्टरांची आहे, आणि फक्त ४३ हजार पळालीय. पहिल्या दोनबद्दल माझं काही म्हणणं नाही. डॉक्टर एका हाताने चालवत असतीलही. तिसऱ्याबद्दल मात्र आहे. १९९६ च्या मारुती आठशेचं मीटर गिअरबॉक्सकडून आलेल्या केबलवर चालतं. केबल तुटली की मीटर थांबतं, गाडी थांबत नाही, आणि मीटर थांबल्यामुळे ज्याला जेवण गोड लागत नाही असा मालक अजून जन्माला यायचाय. म्हणून रनिंग मीटरला विचारू नये, क्लचच्या पेडलला विचारावं. ४३ हजारांत पेडलवरच्या रबराच्या रेघा नीट पुसल्याही जात नाहीत. मी घेतलेल्या आठशेत रबर संपून खालचं लोखंड डोकावत होतं. ड्रायव्हरचं दार अर्धं उघडून टोकाशी धरून उचलावं. बिजागऱ्या झिजल्या असतील तर ते वर-खाली हलतं. हे दार तर उघडतानाच मुजरा करायचं. दोन लाख किलोमीटरच्या पुढचा हिशेब तिथेच लागला.

अशी गाडी, तीही सात वर्षं पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असलेली, हौसेने हातात घेणाऱ्याचा एक गोड गैरसमज असतो: बिघडलेला भाग काढायचा, चांगला टाकायचा, असं करत करत गाडी चांगली होते. तसं नसतं. जुन्या गाडीतले भाग पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या भाडेकरूंसारखे असतात. नळी लेचीपेची आहे हे रेडिएटरला माहीत असतं, रेडिएटर गळका आहे हे पाण्याच्या पंपाला माहीत असतं, आणि सगळे एकमेकांना सांभाळून घेत दिवस काढत असतात. त्यांत एक नवा, दणकट बिऱ्हाडकरू आणून बसवा, आठवड्यात वाड्याच्या भिंती पडायला लागतात.

सुरुवात मात्र धक्क्याने होते. उभ्या गाडीभोवती चार माणसं जमली की त्यांतला एक हमखास म्हणतो, "धक्का मारून बघू या का?" या माणसाला चहा पाजून घरी पाठवावं. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल केव्हाच खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा जागच्या जागी चिकटलेल्या असतात. कोरडं इंजिन फिरवलं की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडतात, आणि काम थेट बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर आतून कोरून घेण्यावर, जातं. त्याऐवजी तिन्ही प्लग काढावेत. आठशेला सिलिंडर तीनच, हा तिचा गरिबांवर मोठा उपकार आहे. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून रात्रभर ठेवावं. चमचा स्वयंपाकघरातला घेतला तर तो परत स्वयंपाकघरात नेऊ नये. सकाळी प्लग बाहेरच ठेवून टॉप गिअर टाकावा आणि गाडी हाताने वीतभर पुढे-मागे करावी; चाकाबरोबर इंजिन फिरतं. गाडी हललीच नाही तर लगेच इंजिनाच्या नावाने बोटं मोडू नयेत. आधी न्यूट्रल करून बघावं. तरीही हलत नसेल तर मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटलेत, कारण सात वर्षांपूर्वी कुणीतरी जबाबदारीने हँडब्रेक ओढून ठेवला होता.

त्याच दिवशी एअर फिल्टरचा डबा उघडावा. आमच्या डब्यात मागच्या सीटचा फोम, शेंगांची टरफलं आणि साड्यांच्या सेलचं अर्धं पत्रक, असा नीटनेटका संसार मांडलेला होता. उंदीर फक्त फिल्टर खात नाही, वायरीचं प्लास्टिकही सोलतो. इंजिन पहिल्यांदा सुरू करण्याआधी बोनेटखालची प्रत्येक वायर बोटांतून ओढून पाहावी. उघडं तांबं सापडलं तर बॅटरी जोडण्याच्या आधी सापडलेलं बरं.

टाकीतल्या पेट्रोलला सात वर्षांनी पेट्रोलचा वास उरत नाही, सुताराकडच्या वार्निशचा येतो. तोच थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकात, बसतो. जेट पितळेचा, टाचणी पोलादाची. टाचणीने भोक साफ करणारा कारागीर ते कणभर मोठं करून ठेवतो आणि गाडी मग जन्मभर दोन घोट जास्त पिते. क्लीनरचा फवारा आणि कॉम्प्रेसरची हवा, याच्यापुढे जाऊ नये. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९९६ च्या रबराला त्याची कल्पना कुणी दिलेली नव्हती. नळ्या फुगतात, मऊ पडतात, आतून सोलून निघतात. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी, क्लिपांसकट, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचा किट एकाच दमात बदलावा. पेट्रोलचे फिल्टर दोन आणावेत. पहिला टाकीतल्या गंजाने चार-आठ दिवसांतच भरतो.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हना पिस्टनच्या तालावर नाचवणारा रबरी पट्टा, दिसायला कितीही ठणठणीत असला तरी फेकावा, तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसकट. रबराचे किलोमीटर मोजत नाहीत, वाढदिवस मोजतात. टायरचंही तेच. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३११ म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी आहे म्हणून खूश होणाऱ्याने हा आकडा वाचून मग खूश व्हावं.

एवढं झाल्यावर इंजिन सुरू होतं. खोकतं, निळा धूर सोडतं (तो तुमच्याच चमच्यातला), आणि चालू राहतं. एक सिलिंडर मारत नसेल तर आठशे सबंध अंगाने हलते. तिसरा हिस्साच गेलेला असतो. बहुतेकदा प्लगच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे, १-२-३ नाही, हे हातावर लिहून ठेवावं. वायरी बरोबर असतील तर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजावं. तिन्हींतला फरक पंधरा पौंडांच्या आत असेल तर इंजिनाला नमस्कार करून झाकण लावावं. एखादा खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

आता वाडा पडतो तो कसा, ते बघा.

रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत तांबूस पाणी. म्हणजे आयुष्यभर कूलंटच्या नावाने बोअरचं पाणी. थर्मोस्टॅटचं हाऊसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. रेडिएटरच्या फॅनची वायर सेन्सरला टांग मारून थेट किल्लीच्या स्विचला जोडलेली. आपल्याकडे ही थंडाव्याची सर्वमान्य उपचारपद्धती आहे: "साहेब, थर्मोस्टॅट काढून टाकला, फॅन डायरेक्ट केला, आता गाडी गरम होणार नाही." खरंय, होत नाही. कधीच होत नाही. ८२ अंशांच्या आसपास उघडणारा तो छोटासा दरवाजा नसला की इंजिन थंडीत उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं कुडकुडत चालतं, जास्त पेट्रोल पितं आणि ऑइलमधला दमटपणा उडून जात नाही. ऑइलच्या झाकणाखाली मग खरवसासारखा पांढरट थर जमतो. तो बघून हेड गॅस्केट (इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधलं पॅकिंग) गेली म्हणून हेड उतरवायला बसू नये. आधी थर्मोस्टॅट बसवावा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवावी, झाकण पुसावं. कूलंटची पातळी उतरत असेल आणि थरही परत येत असेल, तर मग हेड.

तर मी नवा थर्मोस्टॅट बसवला. फॅन सेन्सरवर घेतला. रेडिएटरचं झाकण नवं आणलं, कारण जुन्याची स्प्रिंग मेलेली होती. तत्त्वतः सगळं बरोबर. इंजिन पंचवीस वर्षांत पहिल्यांदा योग्य तापमानाला आलं, नव्या झाकणाने पहिल्यांदा नीट दाब धरला, आणि वरची नळी पहिल्यांदा फुटली. नळी नवी घातली, तेव्हा दाब रेडिएटरच्या शिवणीवर गेला. ती डाग देऊन घेतली, तेव्हा पाण्याच्या पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब यायला लागले. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब आला की पंपाचं सील संपलं समजावं, त्यात एम-सील भरायचं नसतं. पंप बदलला. एका थर्मोस्टॅटपायी तीन भाडेकरू गेले. शहाणा माणूस हे सगळं एकदम आणतो: थर्मोस्टॅट, झाकण, वरची-खालची नळी, पंप, आणि रेडिएटर आधीच तपासून. वर अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर. बोअरच्या पाण्याला हात लावायचा नाही.

ब्रेकच्या कामाला दोन माणसं लागतात आणि त्यांचे संबंध चांगले असावे लागतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे जुनं सगळं काढून अर्धा लिटर नवं डॉट-थ्री भरायचं, मागचे व्हील सिलिंडर आणि चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या बदलायच्या. नळी बाहेरून चकचकीत दिसते पण आतून सुजलेली असते. दाबलेलं ऑइल जातं, परत येत नाही, आणि चाक ब्रेक धरून बसतं. मग हवा काढायची, सगळ्यांत लांबच्या चाकापासून. एक जण आत पेडलवर, दुसरा चाकाशी पालथा, हातात आठचा पाना. संवाद ठरलेला.

"दाब."

"दाबला."

"दाबून धर. सोडू नकोस."

"सोडला."

नेमकी हवा सोडायची निपल उघडी असताना सोडला की बाहेरची हवा आत जाते आणि अर्ध्या तासाचं काम पुन्हा पहिल्यापासून. इथे आवाज चढवून उपयोग नसतो, कारण पेडलवरच्या माणसाला संध्याकाळचा स्वयंपाकही करायचा असतो. आणि पालथं पडण्याआधी ती निपल सुटेल का हे बघावं. आदल्या रात्री गंजावरचं तेल मारून ठेवावं, सकाळी पान्यावर हलकेच टिचक्या द्याव्यात. जोर लावला की ती मानेत तुटते, आणि पन्नास रुपयांच्या नगासाठी सबंध सिलिंडर जातो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे काका गॅलरीतून विचारतात, "रंग कधी देताय?" रंग सगळ्यांत शेवटी. रंगाखाली काय आहे ते आधी बघायचं, आणि त्याला फ्रिजवरचं लोहचुंबक पुरतं. चुंबक दारावर फिरवत न्यावं. जिथे ते घसरून पडतं तिथे पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, आहे. आमच्या डाव्या रनिंग बोर्डावर ते तीन ठिकाणी पडलं. पुढची मॅट उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत गेलो. ठण, ठण, ठण, फस्. तिथे टोक लावलं तर ते आरपार जाऊन खाली पार्किंगची फरशी दिसली. त्या भोकावर आधीच्या कुणीतरी सायकलच्या ट्यूबचा तुकडा डांबराने चिकटवला होता आणि वर वर्तमानपत्राची घडी. बॅटरीखालचा ट्रे, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, पुढच्या काचेच्या रबराखालची कड आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं, ही गंजाची बाकीची ठिकाणं. भोकं चिखलाने बुजली की दार आतून बादलीसारखं भरतं. सडलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, वीस गेजचा तुकडा सीओटू वेल्डिंगने जोडायचा, इपॉक्सी प्रायमर मारायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडावी, सीट आणि कार्पेट बाहेर काढावं, पाण्याची बादली जवळ ठेवावी. टाकीजवळ काम असेल तर टाकीच उतरवावी; इथे विनोद नाही.

सुटे भाग आणायला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुना नग पिशवीत घेऊन जावं. "आठशेचा कार्बोरेटरचा किट द्या" म्हटलं की काउंटरवरून तीन प्रश्न येतात, त्यांतल्या एकाचंही उत्तर आपल्याला येत नाही, आणि मागे रांगेत उभे असलेले गॅरेजवाले हसतात. नमुना दाखवला की कुणी बोलत नाही. नवा भाग बसून शंभर किलोमीटर झाल्याशिवाय जुना फेकायचा नाही. बायकोच्या मते माझ्याकडे आता दुसरी एक आठशे गोणीत आहे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. पहिला खर्च करण्याआधी नोंदणीपुस्तकावरचा कर्जाचा बोजा उतरलाय का बघा आणि गाडी नावावर करून घ्या. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २० वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क २०२५ पासून १० हजार रुपये, शिवाय पर्यावरण कर, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आणि पीयूसी. ही बेरीज करून गाडीच्या किमतीशेजारी लिहू नये.

विजेचं काम अजून चालू आहे. बॅटरी रात्रीत उतरायची, म्हणून निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मल्टिमीटर लावला: ४०० मिलिअँपिअर. सगळं बंद असताना ५० च्या खाली हवेत. एकेक फ्यूज काढत गेल्यावर चोर सापडला. काढून नेलेल्या टेपची वायर डॅशबोर्डमागे सेलोटेप गुंडाळून जिवंत सोडली होती. मीटरची केबल बदलली. ते आता ४३ हजारांपासून पुढे अगदी खरं खरं मोजतं. राहिला हॉर्न. स्टिअरिंगखाली पितळेची कडी असते आणि तिच्यावर घासणारी स्प्रिंगची पिन. कडी एका बाजूने झिजलीय, त्यामुळे हॉर्न फक्त डावीकडे वळतानाच वाजतो. तशी कडी नाना पेठेत मिळत नाहीये. तूर्त उजवीकडे वळायचं असलं की आधी जरा डावीकडे वळून हॉर्न देतो.